गिरी दुसऱ्या पसंतीवर जिंकले, हे अर्धंच खरं आहे

प्रश्न असा आला आहे: "अमेरिकेत देशभरात जास्त मतं मिळवूनही उमेदवार हरू शकतो, कारण तिथे शेवटी इलेक्टर (राज्याराज्यांतून निवडलेले प्रतिनिधी) मोजतात. आपल्याकडेही राष्ट्रपती लोक थेट निवडत नाहीत. मग आपल्याकडे कधी अशी काट्याची लढत झाली का? १९६९ मध्ये व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीच्या मतांवर निवडून आले असं वाचलंय. म्हणजे नेमकं काय मोजलं?"

झाली, आणि ती हीच. पहिल्या मोजणीत निकाल लागला नाही अशी आपली ही एकमेव राष्ट्रपती निवडणूक.

आधी माझं सांगतो. नोकरी महसूल खात्यात गेली. राष्ट्रपती निवडणुकीची मोजणी दिल्लीत संसद भवनात होते, तिथे मी कधी नव्हतो. पण विधान परिषदेच्या शिक्षक आणि पदवीधर मतदारसंघांच्या मोजणीला बरीच वर्षं टेबलावर बसलो आहे. पद्धत तीच: पसंतीक्रम, कोटा, तळाच्या उमेदवाराला बाद करणं, त्याचे गठ्ठे सोडून कागद पुन्हा वाटणं. सकाळी आठला सुरू झालेली मोजणी दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळेपर्यंत चालायची. त्यामुळे १९६९चे आकडे मी वाचतो ते टेबलावरच्या माणसाच्या नजरेने.

आता ते आकडे. एकूण वैध मतमूल्य ८,३६,३३७. त्याला दोनने भागायचं, एक मिळवायचा, अपूर्णांक सोडून द्यायचा. कोटा आला ४,१८,१६९. पहिल्या पसंतीत गिरींना ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डींना ३,१३,५४८ आणि चिंतामणराव देशमुखांना १,१२,७६९. उरलेल्या बारा उमेदवारांना मिळून ८,५०५. गिरी पुढे होते, पण कोट्याला १६,६५४ कमी पडत होते. मग एकेक उमेदवार बाद होत गेला आणि शेवटी हिशेब असा उरला: गिरी ४,२०,०७७, रेड्डी ४,०५,४२७.

हे चार-पाच आकडे कागदावर लिहून ठेवा. पुढचं सगळं त्यांच्यातच दडलेलं आहे.

"मतमूल्य" हा शब्द वापरला, तो आधी फोडू. राष्ट्रपती निवडतो तो निर्वाचकगण, म्हणजे संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निवडून आलेले सदस्य आणि विधानसभांचे निवडून आलेले आमदार. नियुक्त खासदारांना मत नाही, विधान परिषदेच्या आमदारांना नाही. प्रत्येकाची मतपत्रिका एकच, पण वजन वेगळं. राज्याच्या लोकसंख्येला विधानसभेच्या निवडून येणाऱ्या जागांनी भागायचं, आलेल्या आकड्यात किती हजार बसतात ते बघायचं, बाकी पाचशे किंवा जास्त उरली तर एक वाढवायचा. झालं त्या राज्यातल्या आमदाराचं मूल्य. सगळ्या आमदारांचं मूल्य एकत्र करून निवडून आलेल्या खासदारांच्या संख्येने भागलं की खासदाराचं मूल्य. म्हणजे सगळे खासदार मिळून आणि सगळे आमदार मिळून तराजू जवळजवळ समान राहतो.

१९६९ला हिशेब १९६१च्या जनगणनेवर होता. महाराष्ट्राची लोकसंख्या ३,९५,५३,७१८, विधानसभेच्या जागा तेव्हा २७०. भागाकार येतो १,४६,४९५. हजार बसले १४६ आणि बाकी उरली ४९५. पाचशेला पाच कमी! म्हणून आपल्या आमदाराचं मूल्य १४७ न होता १४६ राहिलं. जनगणनेत अख्ख्या राज्यात तेराशेच्या आसपास माणसं जास्त मोजली गेली असती, तर महाराष्ट्राच्या पारड्यात २७० जास्त पडले असते. एखाद्या मोठ्या गावाची वस्ती, बस्स. त्या वर्षी उत्तर प्रदेशच्या आमदाराचं मूल्य १७४ आणि खासदाराचं ५७६ होतं. हा ५७६ पुढे वारंवार लागेल.

राजकारण थोडक्यात, कारण ते पुष्कळांनी लिहून झालंय. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन पदावर असताना गेले. उपराष्ट्रपती गिरी काम पाहू लागले. जुलैत बंगळूरला काँग्रेसच्या संसदीय मंडळात इंदिरा गांधींना जगजीवनराम हवे होते, पण सिंडिकेटने, म्हणजे पक्षातल्या जुन्या वजनदार नेत्यांच्या गटाने, संजीव रेड्डींचं नाव मंजूर करून घेतलं. आपल्या दोन माणसांनी, यशवंतराव चव्हाण आणि स. का. पाटील यांनी, तिथे रेड्डींच्या बाजूने मत दिलं होतं. नंतरच्या काही दिवसांत मोरारजींचं अर्थखातं गेलं, चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, गिरींनी राजीनामा देऊन अपक्ष म्हणून अर्ज भरला आणि सरन्यायाधीश हिदायतुल्ला हंगामी राष्ट्रपती झाले. काँग्रेस अध्यक्ष निजलिंगप्पांनी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांकडे शब्द टाकला की, तुमची पहिली पसंती देशमुखांना असू दे, दुसरी आमच्या रेड्डींना द्या. इंदिराबाईंच्या गटाने त्याचंच भांडवल केलं आणि "अंतरात्म्याच्या आवाजाने" मत देण्याची हाक दिली. रेड्डींच्या अर्जावर खुद्द इंदिराबाईंची सही होती, हे लक्षात ठेवलं की त्या हाकेची गंमत कळते. मतदान १६ ऑगस्टला झालं, मोजणी २० ऑगस्टला.

निजलिंगप्पांनी जो शब्द टाकला त्यात मोजणीची पूर्ण समज होती. म्हणून मतपत्रिकेकडे जरा जवळून बघू.

समजा मुंबईत कौन्सिल हॉलमध्ये एक आमदार पडद्याआड उभा आहे. समोर पंधरा नावं. तो देशमुखांसमोर १ लिहितो, पांडुरंग नथुजी राजभोजांसमोर २ आणि रेड्डींसमोर ३. (राजभोज म्हणजे पुण्याचे, शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनमधले. त्या वर्षी राष्ट्रपतिपदाच्या रिंगणात दोन मराठी नावं होती हे आपण विसरून गेलो आहोत.) हा कागद दिल्लीत पोचतो. पहिल्या मोजणीत तो देशमुखांच्या गठ्ठ्यात, १४६ मूल्याने. कोटा कोणालाच नाही, म्हणून तळापासून उमेदवार बाद व्हायला लागतात. पाच जणांना शून्य होतं, त्यांना काढताना एकही कागद हलवावा लागत नाही. मग छोटे छोटे उमेदवार जातात. राजभोजांना ८३१ होते, तेही बाद होतात. या सगळ्या काळात आपल्या आमदाराचा कागद देशमुखांच्या गठ्ठ्यात निवांत पडून आहे, त्याचा २ कोणी वाचलेला नाही. शेवटी रिंगणात तिघं उरतात आणि त्यातले सर्वात खाली असलेले देशमुख बाद होतात. आता गठ्ठा सोडला जातो. कागदावरचा २ राजभोजांचा, पण राजभोज आधीच गेलेत. म्हणून तो आकडा ओलांडून मोजणारा ३ शोधतो आणि कागद रेड्डींच्या टेबलावर जातो. मूल्य अजून १४६च. पहिली पसंती असो की तिसरी, वजन कमी होत नाही.

त्याच हॉलमध्ये दुसरा एक आमदार काँग्रेसचा. दोन्ही गटांना सांभाळायचं म्हणून त्याने रेड्डींसमोर १ आणि गिरींसमोर २ लिहिला. त्याच्या २ चं काय झालं? काहीच नाही. रेड्डी शेवटपर्यंत रिंगणात होते, त्यामुळे त्यांचा गठ्ठा कधी फोडलाच नाही. गिरींच्या गठ्ठ्यातल्या २ चं तेच. शिक्षक मतदारसंघाच्या मोजणीत मी उमेदवारांच्या मोजणी एजंटांना शंभरदा सांगितलंय की, बाबांनो, पहिल्या दोघांच्या गठ्ठ्यातली दुसरी पसंती विचारत बसू नका, तिचा काही उपयोग होत नाही. तरी दर वेळी कोणीतरी पेन्सिलने त्याच याद्या करत बसलेला असायचाच.

म्हणजे १९६९ला पुढच्या पसंतीचा आकडा वाचला गेला तो फक्त देशमुख आणि बाकी बारा जणांच्या कागदांवर. त्यांचं एकूण मूल्य १,२१,२७४, आणि त्यात ९३ टक्के एकट्या देशमुखांचं. आता ते कुठे गेलं ते वजाबाकीने काढा. रेड्डी ३,१३,५४८ वरून ४,०५,४२७ वर गेले, म्हणजे त्यांना ९१,८७९ मिळाले. गिरी ४,०१,५१५ वरून ४,२०,०७७ वर, म्हणजे १८,५६२. बेरीज करा, १०,८३३ कमी भरतात. ते संपलेले कागद: ज्यांच्यावर पुढची पसंती लिहिलीच नव्हती, किंवा लिहिली होती ती आधीच बाद झालेल्यांना.

आता "गिरी दुसऱ्या पसंतीवर जिंकले" हे वाक्य तपासा. पुढच्या पसंतीत रेड्डींनी गिरींच्या जवळजवळ पाचपट कमावलं. निजलिंगप्पांची बोलणी वाया गेली नव्हती, शंभरातले पंचाहत्तर ठरल्याप्रमाणे आले. पण पहिल्या पसंतीतलं अंतर होतं ८७,९६७ आणि पुढच्या पसंतीने भरून निघालं ७३,३१७. गिरींना तारलं ते पहिल्या मोजणीतल्या आघाडीने. ती आघाडी आली काँग्रेसच्या अधिकृत उमेदवाराला डावलून गिरींसमोर १ लिहिणाऱ्या काँग्रेसवाल्यांमुळे. त्यांनी वर म्हटल्यासारखा दोन्ही डगरींवर पाय ठेवून रेड्डींना १ आणि गिरींना २ दिला असता, तर तो २ कोणी पाहिलाही नसता.

तरीही मी त्या वाक्याला अर्धं खरं म्हणतो. का, ते बघा. गिरींकडे आलेले ते १८,५६२ क्षणभर बाजूला काढा. समजा त्या मतदारांनी पुढची पसंती कोरी ठेवली असती. गिरी ४,०१,५१५ वर थांबले असते आणि रेड्डी ४,०५,४२७ वर. रेड्डी ३,९१२ ने पुढे! कोटा त्यांनीही गाठला नसता, पण नियम असा आहे की बाद करत करत शेवटी एकच उरला की तो निवडून आला, कोटा गाठो न गाठो. १८,५६२ म्हणजे खासदारांच्या भाषेत सुमारे बत्तीस मतं. देशमुखांना किंवा कुणा किरकोळ उमेदवाराला १ देऊन पुढे गिरींचं नाव लिहिणारे ते कोण होते, हे कोणालाच सांगता येणार नाही, कारण मतदान गुप्त आहे. पण निकाल त्यांच्या हातात होता, आणि मतपत्रिका पेटीत टाकताना त्यांना ते माहीत असणं शक्य नव्हतं.

एक गैरसमज वर्तमानपत्रांत अजून फिरतो की गिरी फक्त १,९०८ ने जिंकले. तो कोट्यावरचा फरक. तीन खासदारांच्या मतांपेक्षा थोडा जास्त, त्यामुळे ऐकायला चटकदार वाटतो. खरं अंतर रेड्डींशी मोजायचं, ते १४,६५०. इकडचा एक खासदार तिकडे गेला की अंतर दुप्पट हलतं, म्हणून तेरा खासदारांनी शेवटच्या दोघांतली पसंती उलटी केली असती तर देशाचा राष्ट्रपती बदलला असता. आणि संपलेले १०,८३३? ते सगळेच्या सगळे रेड्डींना गेले असते तरी ते ४,१६,२६० वर अडकले असते. म्हणजे कोरे सोडणाऱ्यांनी निकाल फिरवला असं म्हणता येत नाही. मी तरुणपणी असं एका भाषणात ठोकून दिलं होतं. नंतर घरी येऊन बेरीज केली आणि गप्प बसलो.

आता बाद मतांबद्दल, कारण काट्याच्या लढतीत सगळे तिथेच डोळे लावून बसतात.

पसंती आकड्यातच लिहायची. १ इंग्रजी वळणाचा चालतो, मराठी १ चालतो, रोमन चालतो, पण "एक" असं अक्षरात लिहिलं की मत बाद. बरोबरची खूण केली, बाद. दोन नावांसमोर १ लिहिला, बाद. कोणाचं मत ते ओळखू येईल असं काही लिहिलं, बाद. १ नीट आहे पण २ दोघांसमोर लिहिलाय, तर मत वैध, फक्त पहिल्या पसंतीपुरतं. पुढे गठ्ठा फुटला की कागद संपला.

पदवीधर मतदारसंघाच्या मोजणीत बसलेल्या कोणालाही विचारा, पदव्या घेतलेली माणसं काय काय करतात. मी स्वतः हातात घेतलेल्या एका मतपत्रिकेवर सुंदर अक्षरात "प्रथम पसंती" लिहून खाली सही ठोकली होती. एकच कागद दोन कारणांनी बाद. दुसऱ्या एकावर सगळ्या नावांसमोर १. त्याचं म्हणणं बहुधा असं की सगळेच चांगले. बाद कागद दोन्हीकडच्या एजंटांना दाखवावे लागतात. त्या पाच मिनिटांत टेबलावर जी शांतता पसरते ती मतमोजणीतली सर्वात ताणलेली वेळ.

खासदार-आमदार तरी बरोबर लिहीत असतील असं वाटेल. २०२२ मध्ये ५३ मतं बाद झाली, त्यात १५ खासदारांची. २०१७ मध्ये ७७ बाद. तेव्हा फरक लाखांत होता म्हणून कोणी ढुंकून पाहिलं नाही. पण १९६९च्या भावाने पंधरा खासदार म्हणजे ८,६४०, आणि शेवटचं अंतर होतं १४,६५०. एकाच बाजूचे पंधरा बाद झाले असते तर निम्म्याहून जास्त आघाडी नुसत्या पेनाने खाल्ली असती. आता पेनही ठरावीक असतो, जांभळ्या शाईचा, मतदान केंद्रावर दिलेला. स्वतःचा पेन वापरला की मत बाद. खासदारांची मतपत्रिका हिरवी, आमदारांची गुलाबी. मोजणीत मूल्य चुकू नये म्हणून ही सोय. हिरवा कागद गुलाबी गठ्ठ्यात गेला तर चूक एका मताची राहत नाही, शेकड्यांची होते.

आणखी एक गोष्ट, जी टीव्हीवरच्या चर्चेत हमखास चुकते: या निवडणुकीत पक्षादेश काढता येत नाही आणि पक्षांतरबंदी लागू होत नाही. राज्यसभेच्या निवडणुकीत आमदाराला मतपत्रिका पक्षाच्या एजंटला दाखवावी लागते, इथे तसं नाही. २००७ मध्ये शिवसेना एनडीएत असून प्रतिभाताई पाटलांच्या मागे उभी राहिली ती उघड भूमिका घेऊन. न सांगता तसंच करणारे प्रत्येक निवडणुकीत असतात, आणि त्यांना पकडायला कायद्यात काही सोय नाही. १९६९चा "अंतरात्मा" चालू शकला तो याच कारणाने.

आता अमेरिका, कारण प्रश्नात तिचं नाव आहे. तिकडची गफलत वेगळ्या जागी होते. तिथे ५३८ इलेक्टर, जिंकायला २७० लागतात, आणि मेन व नेब्रास्का सोडून प्रत्येक राज्यात जो पुढे तो त्या राज्याचे सगळे इलेक्टर घेऊन जातो. २००० साली फ्लोरिडाचे २५ इलेक्टर बुश यांच्याकडे गेले ते ५३७ मतांच्या फरकाने, सुमारे साठ लाख मतांमधून. देशभरात अल गोर पाच लाखांहून जास्त मतांनी पुढे होते. निकाल: बुश २७१, गोर २६६, आणि राजधानी वॉशिंग्टनच्या एका इलेक्टरने मत कोरं ठेवलं. तिथेही बाद मतांचंच भांडण होतं. पंच केलेल्या कार्डावर भोक पूर्ण पडलं की कागदाचा तुकडा लोंबकळतोय, यावर महिनाभर वाद चालला आणि १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निकालाने फेरमोजणी थांबवली.

आपल्याकडे "राज्य जिंकलं" असं काही नसतं. महाराष्ट्रातल्या आमदारांची मतं गिरी, रेड्डी आणि देशमुखांत वाटली गेली आणि ज्याची त्याला मिळाली. त्यामुळे एका राज्यातल्या पाचशे मतांवर सगळं राज्य पलटण्याचा फ्लोरिडासारखा प्रकार इथे होऊ शकत नाही. उलट फ्लोरिडातल्या मतपत्रिकेवर पुढची पसंती नव्हती. असती तर तिसऱ्या क्रमांकाचे राल्फ नेडर बाद होऊन त्यांची सत्त्याण्णव हजारांवर मतं बुश आणि गोर यांच्यात वाटली गेली असती आणि ५३७ ला काही अर्थच उरला नसता. देशमुखांच्या गठ्ठ्याचं जे झालं तेच. आमच्या पद्धतीचा मला जो थोडा अभिमान आहे तो या एका कारणासाठी: तिसऱ्याला दिलेलं मत वाया जात नाही.

पण आपल्याकडेही एक कच्चा दुवा आहे: मतदारच कमी-जास्त होऊ शकतात. एखादी विधानसभा बरखास्त असेल तर त्या राज्याचे आमदार मतदार नाहीत, आणि त्यांच्यासाठी निवडणूक थांबत नाही. १९७४ मध्ये गुजरात विधानसभा बरखास्त होती. निवडणूक पुढे ढकलावी का, असं सर्वोच्च न्यायालयाला विचारलं गेलं. न्यायालयाने सांगितलं की नाही, मुदत संपण्याआधी ती झालीच पाहिजे. निर्वाचकगणात जागा रिकामी होती एवढ्या कारणावरून निकालाला आव्हानही देता येत नाही, ती दुरुस्ती १९६१ मध्येच झाली होती. २०२२ मध्ये जम्मू-काश्मीरला विधानसभा नव्हती. त्यांचं मूल्य एकूण बेरजेतून गेलं, खासदाराचं मूल्य ७०८ वरून ७०० वर आलं. लढत एकतर्फी होती म्हणून ते कोणाला खटकलं नाही. तेरा खासदारांवर निकाल लटकलेला असता तर केवढी बोंब झाली असती याची कल्पना करा.

मूल्याचा पायाही जुना आहे. आज महाराष्ट्राच्या आमदाराचं मूल्य १७५, गोव्याच्या आमदाराचं २०, उत्तर प्रदेशचं २०८, सिक्कीमचं ७. हे सगळं १९७१च्या लोकसंख्येवर. तेव्हा महाराष्ट्र पाच कोटींचा होता. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत तेच धरायचे आहेत.

१९६९ नंतर कायद्यात काय बदललं तेही सांगून टाकतो. त्या वेळी उमेदवारी अर्जावर एक सूचक आणि एक अनुमोदक, दोघेही मतदार, एवढं पुरायचं. म्हणून पंधरा उमेदवार उभे राहिले. त्यातल्या पाच जणांना शून्य मतं मिळाली, म्हणजे सूचक-अनुमोदकांनीही त्यांना मत दिलं नाही! बाबूलाल मग यांना ५७६ मिळाले, तेवढंच एका खासदाराचं मूल्य होतं. खुबीरामना ९४. १९७४ मध्ये दहा-दहा सूचक-अनुमोदक आणि अडीच हजारांची अनामत आली, १९९७ मध्ये पन्नास-पन्नास आणि पंधरा हजार. निकालाविरुद्धच्या याचिकाही आवरल्या. गिरींच्या निवडीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं, रेड्डींविरुद्ध वाटलेल्या एका घाणेरड्या पत्रकावरून. राष्ट्रपती असताना गिरी स्वतः न्यायालयात साक्ष द्यायला गेले. १९७० मध्ये याचिका फेटाळल्या गेल्या. आता अशी याचिका उमेदवारालाच करता येते किंवा किमान वीस मतदारांना मिळून.

या नियमांनी हौशी उमेदवार गेले ते बरंच झालं. पण त्यांच्याबरोबर तिसरा दमदार उमेदवारही जवळजवळ गेला. १९६९ला देशमुखांसारखा माणूस उभा राहिला: रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडून आलेला, आणि पाठीशी एक लाख बारा हजारांहून जास्त मूल्य. म्हणून गठ्ठा फुटला, म्हणून २ आणि ३ वाचले गेले. त्यानंतरची एकही निवडणूक पहिल्या मोजणीच्या पुढे गेलेली नाही. १९७७ मध्ये तर सदतीस अर्ज आले, छत्तीस छाननीत उडाले आणि एकच उरला. ते होते संजीव रेड्डी, आठ वर्षांपूर्वी १४,६५० ने हरलेले, आता बिनविरोध.

तेव्हा पुन्हा अशी मोजणी बघायची असेल तर निकालाच्या दिवसाची वाट बघू नका. अर्ज मागे घेण्याची मुदत संपली की मतपत्रिकेवर किती नावं उरली ते बघा. दोनच असतील तर पडद्याआड कोणी २ लिहिला काय, न लिहिला काय, तो वाचायला दिल्लीतल्या टेबलावर कोणी बसलेलं नसेल.